छतावरचा पाळणा

दादाला बढती मिळाली, तरी त्याचा चेहरा कुणी दंड ठोठावल्यासारखा होता. बढतीबरोबर बदली होती, तीही दुसऱ्या शहरात. वहिनी एका पायावर तयार, पण सगळं अडलं होतं माझ्यापाशी. माझ्या कमरेखाली जीव नाही. लहानपणापासून मला पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर ठेवायचं काम दादाने दुसऱ्या कुणाला करू दिलेलं नाही. "ठकूला सोडून मी कुठेही जाणार नाही," असं त्याने जाहीर करून टाकलं. ठकू म्हणजे मी. दिवसभर घरी बसून फोनवर चिडलेल्या गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकते, त्यांना शांत करते आणि माझं पोट भरते. कुणी माझं निमित्त करून बढती नाकारावी, हे मला मुळीच खपणार नव्हतं.

म्हणून मी पाळणा बसवून घेतला. छताला रूळ, रुळावर मोटर, मोटरीतून खाली येणारा पट्टा, त्याला आडवी दांडी आणि दांडीला अडकवायची कापडी झोळी. कूस बदलत झोळी अंगाखाली सारायची, तिचे बंद दांडीच्या आकड्यांत अडकवायचे आणि हातातलं बटण दाबायचं. वर, पुढे, खाली. दार, दिवे, पंखा हे सगळं मी फोनवरून सांभाळतच होते. एवढं उठणं-बसणं जमलं की झालं.

दादाने वर पाहून नाक मुरडलं. "गोदामात पोती उचलतात तसलं आहे हे."

"पोत्यांना कुणाची मिनतवारी करावी लागत नाही," मी म्हटलं.

पण पाळणा काही मला घेऊन जाईना. वीतभर वर उचलायचा, दांडी तिरकी व्हायची, मोटर पिपाणीसारखी ओरडून थांबायची. दादा शेजारी हात पसरून उभाच असायचा. तो मला अलगद उचलून खुर्चीत ठेवायचा आणि म्हणायचा, "बघ, मी सांगत होतो." त्याला मनातून बरं वाटत होतं, आणि त्याचाच मला राग येत होता.

पाळणा बसवणाऱ्या ताईंना पुन्हा बोलावलं. त्यांनी मोटर तपासली, रूळ तपासला, शेवटी स्वतः झोळीत बसून खोलीभर फिरून आल्या. मग वहिनीने हट्टाने एक फेरी मारली. "अगं बाई, मजाच आहे की!" मी बसले आणि मोटर पुन्हा ओरडली.

आता हे माझ्या रोजच्या कामातलं होतं. गिऱ्हाईक 'चालत नाही' म्हणून ओरडलं की आम्ही वाद घालत नाही, एवढंच विचारतो: कधी चालत नाही? तेव्हा शेजारी काय असतं?

"दांडी कुठल्या बाजूला झुकते?" मी ताईंना विचारलं.

"नेहमी डावीकडे. तुम्हीच तिकडे झुकता. आणि दांडी तिरकी झाली की माणूस पडू नये म्हणून मोटर आपोआप थांबते."

मी डावीकडे पाहिलं. तिथे दादा होता. आयुष्यभर तो त्याच बाजूने आला आणि अंग पलंगावरून सुटलं रे सुटलं की मी मान टाकत आले ती त्याच्या खांद्यावर. मोटरीत काही बिघाड नव्हता. माझं अंग दादाचा खांदा शोधत होतं.

"दादा, तू बाहेर जा."

"आणि पडलीस तर?"

"ताई आहेत ना. तू जा."

वहिनीने त्याला दंडाला धरून बाहेर नेलं आणि दार ओढून घेतलं. ताई उजवीकडे भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. मी बटण दाबलं. मोटर ओरडली. दादा नव्हता, पण अंगाला ते पटलेलं नव्हतं.

"काय झालं?" दाराबाहेरून लगेच आवाज आला.

"काही नाही! गप बस!"

मला भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू? खाली पलंग नाही, बाजूला माणूस नाही, आणि आपण हवेत. मी दोन्ही खांदे झोळीत सैल सोडले, समोरच्या खिडकीच्या कडीवर नजर लावली आणि बटण दाबलं. दांडी जराशी हलली आणि सरळ झाली. मी वर गेले. तशीच तरंगत पुढे सरकले, खुर्चीवर आले आणि हळूच खाली टेकले. मला हसूच आवरेना. मग ताईंनाही बाहेर घालवलं आणि एकटीने पलंगावर जाऊन परत खुर्चीत आले.

खुर्ची चालवत बैठकीत गेले तेव्हा दादा दाराशीच उभा होता. त्याने आधी मला पाहिलं, मग माझ्या मागे कोण आहे ते पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

"ऑफिसला कळव," मी म्हटलं.

"उद्या सांगतो."

"आत्ता. माझ्यासमोर."

त्याने फोन लावला. "हो साहेब, येतो मी," इतकंच बोलला, पण तेवढ्यातच त्याचा आवाज कातर झाला. फोन ठेवून तो नुसता उभा राहिला, हात कुठे ठेवावेत ते न कळल्यासारखा. माझ्यादेखत तो कधी रडला नव्हता आणि आजही रडला नसता. म्हणून त्याला मोकळेपणी रडता यावं यासाठी मी खुर्ची वळवली, आत गेले आणि दार लावून घेतलं.