दोन चौथ्या

बिवोत सरांनी जेमेलीच्या गुडघ्यावर पट्टी इतकी आवळून बांधली, की पाय दुमडायलाही तिला जोर करावा लागला.

"दुखतंय?"

"नाही सर."

दुखतंय हे सरांना ठाऊक होतं, आणि त्यांना ठाऊक आहे हे जेमेलीलाही ठाऊक होतं. दोघांनी तो विषय तिथेच सोडला. सर उठले, पँटवरची धूळ झटकली आणि दर वर्षीचं वाक्य बोलून मोकळे झाले.

"वरच्या तिघींची मला काळजी नाही. घोडं पेंड खातं ते तुझ्यापाशी."

एका शाळेच्या सहा मुली पळत. त्यातल्या पहिल्या चौघींचे क्रमांक बेरजेला धरायचे, आणि ज्या शाळेची बेरीज सगळ्यात कमी ती जिल्ह्यातून पुढे विभागाला जायची. एकटीदुकटीला पुढची वाट नव्हती. गेला तर संघ जाई, नाहीतर सगळ्यांनी ट्रकमध्ये बसून परत. कापतुलवोच्या मुलींच्या शाळेत जेमेली चार वर्षं चौथी होती. पहिलीचं नाव सकाळच्या प्रार्थनेनंतर घेतलं जातं, पाचवीला कुणी विचारत नाही म्हणून ती सुखात असते. चौथीचं नाव फक्त हरल्यावर निघतं. कापतुलवो गेली तीन वर्षं सोगोमेतच्या शाळेकडून हरत होती, एकदा पाच गुणांनी, एकदा दोन, आणि मागच्या वर्षी एका. तिन्ही वेळा खापर फोडायला जेमेलीचं डोकं हाताशी होतं. तिची सख्खी मावशी भर बाजारात, बटाट्यांच्या ढिगाऱ्यापलीकडून म्हणाली होती, "अगं, अजून एक पोरगी मागे टाकता आली नाही तुला?"

यंदाचा हंगाम जानेवारीपासून चालू होता. वरच्या तिघींतली चेसांग मलेरियातून उठून पळत होती. पहिली येणाऱ्या जेरोतिचचे बूट दोनदा शिवून झाले होते. तिघींतली धाकटी किमोई शाळेच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि ती सगळ्यांच्या आधी मैदानावर हजर असायची, याचा बाकीच्यांना राग यायचा. जेमेलीचं शाळेचं हे शेवटचं वर्ष. तिला दोनच गोष्टी हव्या होत्या, आणि दोन्ही एकदम मिळण्यातल्या नव्हत्या. एकदा तरी संघ आपल्यामुळे हरू नये, ही एक. आणि हे सगळं आजच संपावं, ही दुसरी. जिंकलं तर अजून तीन आठवडे पहाटे चारला उठणं होतं, तो डोंगर होता, ते थंडगार बूट होते.

शर्यत पठारावरच्या गव्हाच्या कापलेल्या शेतातून होती, तीन फेऱ्यांची. पहिल्या फेरीत धुळीशिवाय काही दिसलं नाही. दुसऱ्या फेरीत चढ लागला तेव्हा जेमेलीला डाव्या कानाशी ओळखीचा श्वास ऐकू आला. आत जाताना त्याची बारीक शीळ वाजायची. मान वळवायची गरज नव्हती. सोगोमेतची चौथी होती ती, जेरोबोन.

चार वर्षांत दोघींचं बोलणं म्हणजे शर्यतीआधी "आलीस?" आणि "आले." एवढंच. तरी सख्ख्या बहिणीबद्दल नसेल इतकं जेमेलीला तिच्याबद्दल ठाऊक होतं. चढाला ती उजवा खांदा पाडते. उताराला घाबरते, पण कबूल करत नाही. आणि शेवटच्या वळणावर, निलगिरीच्या झाडांपाशी, एक मोठा श्वास घेऊन दहा पावलं पुढे निघून जाते. तीन वर्षं जेमेलीने ती पाठ पाहिली होती. पाठीवरच्या हिरव्या सदऱ्याला खांद्याशी कुठे ठिगळ आहे तेही तिला पाठ झालं होतं.

तिसऱ्या फेरीत निलगिरी आली. जेमेली त्या मोठ्या श्वासाची वाट पाहत राहिली. तो आलाच नाही.

दोराबाहेर माणसांनी एकच कल्ला केला होता. त्यातून बिवोत सरांचा फाटका आवाज तेवढा वर आला.

"सतरा-सतरा! जेमेली, त्यांचेही सतरा! सगळं तुझ्यावर आहे!"

म्हणजे वरच्या तिघी तिघींच्या बेरजा सारख्या झाल्या होत्या. आता जिची चौथी आधी, ती शाळा पुढे. चार वर्षांत हे कधी झालं नव्हतं, आणि व्हायचं होतं ते नेमकं गुडघा भोपळ्याएवढा सुजल्यावर.

दोघी रेषेवर एकदमच आल्या. रेषेवर खाकी टोपी घातलेला एक म्हातारा पंच होता. त्याने दोन्ही हात पसरून सांगितलं, "मला तरी फरक दिसला नाही. गल्लीत जी आधी शिरेल, ती आधी."

गल्ली म्हणजे खुंट्यांना बांधलेले दोन दोर, मधून एका वेळी एकच माणूस जाईल एवढी जागा. गल्लीच्या टोकाला टेबल, आणि टेबलावर साखरेच्या खोक्यांचे पुठ्ठे कापून त्यांवर लिहिलेले क्रमांक. वरचा पुठ्ठा एकविसाचा होता. जेमेली गल्लीच्या तोंडाशी थांबली. जेरोबोनही थांबली.

"जा ना," जेरोबोन म्हणाली.

"तू जा."

"मी तीनदा गेले."

"मग चौथ्यांदा जा. मला नको."

"मलाही नको."

म्हाताऱ्या पंचाने एकीकडे पाहिलं, मग दुसरीकडे. उभ्या जन्मात त्याने असली शर्यत पाहिली नसावी. "पोरींनो, हे काय लग्नातलं जेवण आहे का, आधी तू, आधी तू करायला?"

मागून तिसऱ्याच शाळेची एक मुलगी येऊन थडकली. "अहो, निघा की पुढे," ती रडकुंडीला येऊन म्हणाली.

"काय असतं तिथे?" जेमेलीने हळूच विचारलं. "विभागाला?"

जेरोबोनने थोडा विचार केला. "पळायचंच असतं. दुसरं काय. मी गेल्या वर्षी बासष्टावी आले."

"म्हणून मला पाठवतेस?"

"तू कधी गेलीच नाहीस. एकदा जाऊन ये, मग नको म्हण."

जेमेलीने दोरापलीकडे पाहिलं. सर हात नाचवत होते, जेरोतिच आणि चेसांग घसा फोडून ओरडत होत्या. किमोई तेवढी ओरडत नव्हती. आपला नवाचा पुठ्ठा दोन्ही हातांनी छातीशी धरून ती नुसती उभी होती, आणि तिचे ओठ पांढरे पडले होते. या पोरीला अजून सगळंच हवं आहे, असं जेमेलीच्या मनात आलं, आणि तिला तिचा हेवा वाटला.

तेवढ्यात जेरोबोन वाकली. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून तिने मान खाली घातली. लांबून बघणाऱ्याला वाटावं, हिचं सगळं बळ सरलं. जवळून मात्र तिचं तोंड दिसत होतं. पापण्याही न हलवता ती जेमेलीच्या पावलांकडे बघत होती, ती कधी हलतात याची वाट बघत.

जेमेली गल्लीत शिरली आणि तिने एकविसाचा पुठ्ठा उचलला.

सरांनी तळहातावर पेनाने बेरीज मांडली होती, घामाने ती अर्धी पुसली होती. "अडतीस! त्यांचे एकोणचाळीस!" म्हणत त्यांनी जेमेलीच्या डोक्यावर हात ठेवला. चार वर्षांत पहिल्यांदा. पोरींनी जेरोतिचला खांद्यावर घेतलं. आयाबाया आंबवलेल्या दुधाने भरलेले वाळके भोपळे घेऊन गात आल्या आणि जिंकणारीच्या मानाचं ते दूध जेरोतिचच्या तोंडाला लावू लागल्या. चौथीला उचलायचं कुणाच्या मनात आलं नाही. जेमेलीला त्याचं वाईट वाटलं नाही असं नाही.

"परवापासून पहाटे चारला," सर म्हणाले.

"हो सर."

पलीकडे सोगोमेतच्या बाईंनी जेरोबोनला दोराबाहेर ओढून घेतलं होतं. तिच्या हातात बाविसाचा पुठ्ठा होता.

"काय झालं? पाय मुरगळला का?"

"नाही बाई."

"पोटात दुखलं? जेरोबोन, वर बघ. हातातोंडाशी आलेला घास होता तो. काय झालं सांग मला."

जेरोबोनने मान वर केली. "दमले, बाई."

हा शब्द त्या पठारावर कुणी बोलत नाही. बाया सरपणाचा भारा पाठीवर घेऊन मैलभर चढ चढून येतात, आणि काय गं म्हटलं तर बरं आहे म्हणतात. पोरं ताप अंगावर काढत पळतात आणि आज ऊन जास्त होतं म्हणून सांगतात. ताप, जुलाब, आईचं मरण, सगळं चालतं, हे चालत नाही. हे बोलायचंच झालं तर आपल्या घरात, दार लावून. आणि ही पोरगी भर दुपारी, दोनशे माणसांत, दूध संपलं म्हणून सांगावं तसं सांगून मोकळी झाली. बाईंकडे मुरगळलेल्या पायासाठी बोलणं होतं, आळसासाठी होतं, उद्धटपणासाठी तर भरपूर होतं. याच्यासाठी त्यांच्याकडे काही नव्हतं. शेवटी त्या म्हणाल्या, "जा, बस जाऊन कुठेतरी."

ट्रक लागायला तासभर गेला. पट्टी सोडायला सावली शोधत जेमेली शेताच्या कडेला गेली, तर तिथल्या बाभळीखाली जेरोबोन जमिनीवर कुशीला झोपली होती. पायांत बूट तसेच, तोंड अर्धवट उघडं. सावली कधीच सरकून गेली होती आणि ऊन सरळ तिच्या चेहऱ्यावर आलं होतं. आजूबाजूला पोरं ओरडत होती, भोंगे वाजत होते, तिला कशाचा पत्ता नव्हता. झोपेतही तिच्या श्वासाची बारीक शीळ वाजत होती.

जेमेलीने इकडेतिकडे पाहिलं. मग ती उन्हाच्या बाजूला जाऊन उभी राहिली, आणि तिची सावली जेरोबोनच्या चेहऱ्यावर पडली. गुडघा ठणकत होता. तिने भार दुसऱ्या पायावर घेतला, पण जागा सोडली नाही.

ट्रकचा भोंगा वाजला. पुन्हा वाजला. थोड्या वेळाने किमोई धावत आली आणि हे काय चाललंय ते न कळून चार पावलांवर थबकली.

"ताई, चल ना. सगळे तुझ्यासाठी थांबलेत."

"थांबतील," जेमेली म्हणाली.