न धरलेले तास

मित्रांनो, मी एक जुनी, जाड पुठ्ठ्याची नोंदवही आहे. माझी मालकीण घरांची किंमत ठरवायला शिकत होती. या कामात पायऱ्या असतात. आधी शिकाऊ, मग परवानाधारक, आणि सगळ्यात वर प्रमाणित मूल्यांकनकार. शिकाऊ माणसाने प्रमाणित माणसाच्या हाताखाली दीड हजार तास काम करायचे, तासातासाची नोंद ठेवायची आणि मगच परवान्याची परीक्षा द्यायची. त्या नोंदी माझ्यात आहेत.

ती नोकरी करायची ते कापडाचे दुकान बंद पडले, तेव्हा एक्केचाळिसाव्या वर्षी तिने मला विकत आणले. आम्ही किती घरे पाहिली! कुठे भिंतीला ओल, कुठे जिना वाकडा. एका घरातल्या कुत्र्याने माझा कोपराच चावला. ती ज्यांच्या हाताखाली शिकायची ते साहेब पानावर सही करताना म्हणायचे, "बाईंचं माप म्हणजे माप." तेव्हा मलाही बरे वाटायचे.

पाच वर्षांनी तास पूर्ण झाले. परवाना कार्यालयातल्या बाईंनी मला चाळले, संगणकात पाहिले.

"तुमच्या साहेबांचं प्रमाणपत्र चार वर्षांपूर्वीच संपलंय. त्यानंतरचे तास धरता येणार नाहीत."

"पण घरं मी मोजलीत."

"मोजली असतील हो. कुणाच्या हाताखाली, ते बघावं लागतं."

"मग पहिल्या वर्षाचे?"

"अनुभव मागच्या चार वर्षांतलाच लागतो."

ती तशीच साहेबांकडे गेली.

"राहून गेलं," ते खिडकीकडे बघत म्हणाले. "नूतनीकरणाला पुन्हा वर्गात बसायचं, परीक्षा द्यायची. कंटाळा केला."

"मला सांगायचं तरी होतं, साहेब."

त्यांनी चहा मागवला. तिने तो घेतला नाही.

मग ती आणखी तिघा मूल्यांकनकारांकडे गेली. शिकाऊ माणसाची चूक अंगावर येते, म्हणून कुणीच तिला घेतले नाही. आता ती फरशीच्या दुकानात बसते. मी माळ्यावर आहे. माझी पाने एकमेकांना चिकटू लागली आहेत.

मित्रांनो, वह्या जपा असे मी सांगणार नाही. मला तिने फार जपले, त्याचा काही उपयोग झाला नाही. एवढेच सांगते, ज्याच्या हाताखाली शिकाल त्याचा कागद आधी बघून घ्या. तिच्याही मनात एकदा आले होते. पण एवढ्या मोठ्या माणसाला कागद कसा मागायचा, म्हणून ती गप्प बसली.