चेपलेले मणी

मिल बंद पडून वर्ष झालं, तरी फिटर हरीच्या हाताला सुताचाही फरक खपत नव्हता. संग्रहालयातला प्राचीन सोन्याचा हार तिजोरीत ठेवून काचेआड त्याची प्रतिकृती मांडायची होती. ते काम त्याला मिळालं. पोलोग्राउंडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात बसून त्याने पितळेचे मणी घडवले, वर सोन्याचा मुलामा चढवला. पसंत पडलं तर पुढचे दागिनेही त्याच्याकडेच. नाहीतर सोमवारपासून पीथमपुरातल्या एका कंपनीत चौकीदारी.

दाखवायच्या दिवशी त्याची बायको वसुधाही गेली. कडेवर दहा महिन्यांची अबोली.

संग्रहालयाच्या सरला मॅडमनी दोन्ही हार मखमलीवर शेजारी मांडले. "हरीजी, काम एकदम झकास. पण हा तो हार नाही."

"असं कसं? एकेक मणी नापून केलाय."

"जुन्या हारातले मधले दोन चेपलेत. तुम्ही ते नीट करून टाकलेत."

"डिफेक्ट होता, काढला! मिलमध्ये असा माल पास केला असता तर साहेबाने सोडलं नसतं."

"इथे उलटं आहे हो. लोकांना तुमच्या हारातूनच तो जुना हार दिसणार."

हरीचा चेहरा पडला. वसुधा जुन्या हाराकडे बघत राहिली. मोहरीहून बारीक सोन्याचे रवे, ओळीत बसवलेले. कुणाचे डोळे असतील ते, कुणाची बोटं!

तेवढ्यात अबोलीने तिचं मंगळसूत्र तोंडात घातलं. "सोड गं, उंदीर आहेस का?" वसुधाने वाटी ओढून काढली. ओली, आणि पातळ पत्र्यावर नव्या दातांचे बारीक खड्डे. ती थबकली. मखमलीवर वाकली.

"मॅडम, हे चेपलेले नाहीत. चावलेत."

"काय?"

"वर दोन, खाली दोन. आणि मधलेच मणी, बघा ना. मांडीवरच्या पोराच्या तोंडाशी तेच येतात."

मॅडमनी भिंग लावलं. बराच वेळ काढलं नाही. "पंधरा वर्षं सांभाळतेय," त्या हळूच म्हणाल्या, "आणि वहीत मी लिहिलंय, 'किंचित खराब'. शंभर टक्के कुणी सांगू शकणार नाही, पण वसुधाताई, मला आता दुसरं काही दिसतच नाहीये."

हरीने हार पुन्हा पाहिला, या वेळी कुणाच्या तरी गळ्यात असल्यासारखा. "दोन दिवस द्या मॅडम."

शनिवारी तो नवे दोन मणी ओवून घेऊन आला. खड्डे बारीक छिन्नीने केलेले, नजरेनेच. मोजपट्टी घरी ठेवून. मॅडमनी भिंगाखाली दोन्ही हार धरले, कपाट उघडलं आणि जुन्या कानातल्यांची एक जोडी त्याच्यासमोर ठेवली. "हे कधी देता?"

हरीने जोडी उजेडात धरली. "ते सांगतो. पण ही एक कडी ताणलीय, मॅडम. हिला कुणी ओढलं असेल?"