माझ्या पोटातली पट्टी

मित्रांनो, मला पाहून नाक मुरडू नका. मी जुना आहे, दोन रंगांचा आहे आणि माझं पोट मासेमारीच्या नायलॉन दोऱ्यानं आवळलेलं आहे. तरीही गेम कंट्रोलरांच्या जातीत माझ्याइतका मान क्वचितच कुणाला मिळाला असेल. एका मोठ्या कंपनीला माझ्यापुढे हात टेकावे लागले!

माझा जन्म उत्तनकडच्या डोंगरी गावातला. लीलाधर हे तिथले नावाजलेले मच्छीमार. बोटीवर जाळं ओढताना दोरात त्यांचा उजवा हात सापडला आणि मधली तीन बोटं गेली. घरी बसून ते इतरांना टीव्हीवर फुटबॉलचा गेम खेळताना नुसते बघत. त्यांची मुलगी जागृती भाईंदर पश्चिमेला मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात कामाला होती. बापाचं ते बघणं तिला बघवेना. तिनं दोन मोडके कंट्रोलर फोडून मला घडवलं आणि माझ्या पोटात एक लवचीक पट्टी बसवली. तळहात पुढे कलवला की एक बटण दाबलं जातं, मागे कलवला की दुसरं. बोटांवाचून काही अडत नाही.

त्या नारळी पौर्णिमेला गावच्या मंडळानं गेमची स्पर्धा ठेवली आणि मोबाइलवरून ती थेट दाखवली. लीलाधरांनी भल्याभल्यांची दाणादाण उडवली. मग काय, स्वारीला चढलं स्फुरण! कॅमेऱ्यापुढे माझं झाकण उघडून त्यांनी आतली पट्टी हलवून दाखवली.

"बघा, बघा! माज्या पोरीनं केलाय. हाय का असा कुनाचा?"

जागृती लाजून चूर झाली. मी मात्र अभिमानानं फुगलो.

पुढे हात अधू असलेली माणसं तिच्याकडे येऊ लागली आणि तिनं त्यांना माझी भावंडं बनवून दिली. पट्टीचं पेटंट घ्यावं म्हणून ती दिव्या वकिलांकडे गेली, तेव्हा त्या हळहळल्या. "अगं, नवी युक्ती अर्जाआधीच जगाला दाखवली, की पेटंट मिळणं कठीण."

लीलाधरांनी कपाळावर हात मारला. "माज्या तोंडानं पोरीचं घालवलं," म्हणत त्यांनी मला कपाटात ठेवून दिलं. तिथे मी धूळ खात पडलो. मला फार वाईट वाटलं.

आणि एके दिवशी कळलं, की एका कंपनीनं अगदी अशाच पट्टीच्या पेटंटसाठी अर्ज केलाय. कंपनीनं जागृतीला बजावलं, की पेटंट मिळताच तिला काम थांबवावं लागेल. ज्यांना कंट्रोलर हवे होते, त्यांना आता काय सांगायचं, या विचारानं ती रडकुंडीला आली.

"आपण हरकत घेऊ," दिव्या म्हणाल्या. "पण हे आधी आपण केलं, याला पुरावा काय? कोणाला उघडून दाखवलं होतं?"

लीलाधर मान खाली घालून म्हणाले, "मीच दाखवला. सगल्या गावाला."

"काका, मग आणखी काय पाहिजे!" दिव्या हसून म्हणाल्या.

मला कपाटातून काढून सुनावणीत टेबलावर ठेवलं. कंपनीचे वकील म्हणाले, असला कंट्रोलर कालसुद्धा बनवता आला असता. मग मंडळाचा तो जुना व्हिडिओ लागला. पडद्यावर मी, टेबलावरही मी! अधिकाऱ्यांनी माझं झाकण उघडून आतली पट्टी व्हिडिओतल्या पट्टीशी ताडून पाहिली. कंपनीच्या अर्जाच्या कितीतरी आधी ही युक्ती उघड झाली होती. अर्ज फेटाळला गेला. मित्रांनो, तेव्हा माझी कॉलर ताठ झाली, मला कॉलर नसली तरी!

पेटंट जागृतीलाही मिळालं नाही. बाहेर आल्यावर लीलाधरांनी विचारलं, "मंग तुला काय मिलालं गो?"

"बाबा, आता मला कोणी थांबवू शकत नाही. आणि मीपण कोणाला थांबवणार नाही."

आता रोज संध्याकाळी दुकान बंद झाल्यावर ती गावातल्या हौशी लोकांना पट्टी कापायला शिकवते. मी मधोमध उघडा पडलेला असतो आणि ज्याला बघायचं तो बघतो. मित्रांनो, जुनी वस्तू जपायची म्हणजे कपाटात कोंडायची नाही. तिला वापरा, ती बिघडली तर दुरुस्त करा आणि शेजाऱ्यालाही शिकवा. माझी पट्टी कधीतरी झिजणारच. पण ती बदलणारी माणसं आता गावात पुष्कळ आहेत.