डावीकडे खचलेली खुर्ची

मी एक जुनी वेताची खुर्ची आहे. लखनौच्या इंदिरा नगरात, शामरावांच्या बैठकीत, खिडकीशी माझी जागा आहे. मित्रांनो, तुम्ही माणसाला चेहऱ्यावरून ओळखता. आम्ही खुर्च्या त्याला बसण्यावरून ओळखतो. त्यामुळे शरीराच्या ज्या भागाचं नाव घ्यायला माणसं लाजतात, त्याची आम्हाला लाज नसते.

शामराव नागपूरहून टेलिफोन खात्यात बदली होऊन इथे आले, तेव्हा त्यांनी मला घेतलं. माझा वेत तेव्हा नुकता विणलेला, पिवळाधमक होता. ही 'ह्यांची' खुर्ची, असं नीलाताईंनी पहिल्याच दिवशी ठरवलं. त्यानंतर त्या स्वतःसुद्धा कधी माझ्यावर बसल्या नाहीत. शामराव ऑफिसातून येऊन असे ऐसपैस बसत, की माझा वेत सुखाने करकरे. बुद्धजयंतीला कॉलनीतली मंडळी मला उचलून नेत आणि अध्यक्षांसाठी मांडत. किती मान होता मला!

शामरावांना फार पूर्वी भगंदर झालं होतं. ऑपरेशन झालं, तरी ते अधूनमधून डोकं वर काढी. गरम पाण्यात बसून ते दिवस काढत. पण गेल्या हिवाळ्यात ते माझ्यावर टेकले ते एकाच बाजूने, डाव्या. दुसऱ्या दिवशीही तसेच. मला काळजी लागली, पण सांगणार कोणाला? पुढे तर ते चहाही उभ्याने घेऊ लागले. मुलगा आशुतोष म्हणायचा, "पापा, बैठ जाइए ना." त्यावर ते म्हणत, उभं राहिलं की पाठ ताठ राहते.

त्या वर्षी बुद्धजयंतीला शामरावच अध्यक्ष होते. मला मधोमध मांडलं होतं. पण ते सगळा वेळ माझ्या पाठीला धरून उभे राहिले. समितीचे राजरत्न माइकवरून म्हणाले, "नम्रपणा कशाला म्हणतात, ते बघा." टाळ्या पडल्या. माझ्या पाठीवरचा तो हात मात्र घामाने ओला झाला होता.

पुढे एका दुपारी शामराव बाहेर गेले होते. गुडघा दुखतो म्हणून नीलाताई सब्जी निवडायला चक्क माझ्यावर बसल्या आणि डावीकडे कलंडल्या. भेंड्या जमिनीवर सांडल्या. त्या उठल्या आणि माझ्या विणीवरून तळहात फिरवत राहिल्या. डावीकडे वेत खोल खचला होता, उजवीकडे तो ताठ होता. भेंड्या तशाच पडून राहिल्या.

शामराव येताच त्यांनी विचारलं, "कधीपासून दुखतंय?"

"अगं, जुनंच आहे ते. भगंदर."

"जुनं आहे म्हणून तेच आहे, असं कोणी सांगितलं तुम्हाला?"

शामराव हळूच म्हणाले, "आशूला काय सांगू? त्या जागेचं?"

"आशूची ती जागा धुण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. त्याच्यापुढे कसली लाज?"

डॉक्टरांनी तपासायला तुकडा काढला. रिपोर्ट आल्यावर आशुतोषने माझा हात धरून आईला सगळं समजावलं. गुदद्वाराच्या भिंतीत बारीक ग्रंथी असतात, त्यातून चिकट स्राव येतो. शामरावांना तिथे कॅन्सर झाला होता. त्या जागी कॅन्सर मुळातच कमी लोकांना होतो. झालाच तर बहुतेकदा तो आतल्या अस्तरातून उगवतो, ग्रंथीतून फार क्वचित. त्यातून भगंदराच्या आडोशाला तो लपून बसला होता. तो इथेच जन्मला की वरच्या आतड्यातून खाली उतरला, हे अजून डॉक्टरांना शोधायचं होतं. उपचार त्यावर ठरणार होते.

शेवटी कळलं, तो इथलाच होता आणि पुढे पसरलेला दिसत नव्हता. मग औषधं झाली, किरणांचा शेक झाला. आज ऑपरेशन आहे. यापुढे शौचासाठी पोटावर पिशवी असेल, हे शामरावांना ठाऊक आहे. सकाळी निघताना ते माझ्यापाशी थांबले, हात ठेवला, पण बसले नाहीत.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू तुम्हाला नेहमी त्यांची निगा राखायला सांगतात. माझं मागणं वेगळं आहे. तुमच्या घरात कोणी उभ्याने चहा घेऊ लागलं, तर त्याचं कौतुक करू नका. त्याला जवळ जाऊन विचारा, कुठे दुखतंय.

नीलाताईंनी माझी बैठक नव्याने विणून घेतली आहे. वेत दोन्हीकडे सारखाच ताठ आहे. घराला कुलूप आहे. मी दाराकडे तोंड करून, हा वेत पुन्हा दबायची वाट बघते आहे.