डावी बाजू

माझी शववाहिका काळीकुळकुळीत आहे. काळ्या रंगावर पाण्याचा थेंब वाळला की पांढरा डाग उठलाच म्हणून समजा, म्हणून ती धुवायला माणसं दोन लागतात. तीस वर्षं उजवी बाजू मी पुसली आणि डावी बायकोनं. मी उतावळा, ती निवांत. त्यावरून आमचं रोज वाजायचं.

"अगं, हात चालव, थेंब वाळतायत!" मी ओरडायचो.

"तुमची बाजू बघा आधी," ती म्हणायची. पण तिच्या बाजूला डाग सापडेल तर शपथ.

काल ती गेली. आज सकाळी मेव्हणा म्हणाला, "दाजी, मी दुसरी गाडी सांगतो."

"परक्या गाडीतून नेऊ तिला?" मी खेकसलो आणि पाणी मारायला घेतलं. तो फडकं घेऊन पुढे आला, तर त्यालाही हाकललं. ती बाजू तिची होती.

उजवी बाजू पुसून होईपर्यंत ऊन चढलं. वळसा घालून डावीकडे गेलो, तर दारभर पांढरे ठिपके. सवयीनं तोंडातून निघूनच गेलं, "अगं, हात चालव ना!"

मेव्हण्यानं मान फिरवली. तीस वर्षांत पहिल्यांदाच मला कुणी उलट बोललं नाही.