तीन मिनिटांचा हीटर

गल्लीत सगळे त्याला बर्फ्या म्हणत. फ्रीज दुरुस्त करणं हा त्याचा धंदा, आणि गारठा निर्माण करण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. बायकोचंही हेच मत होतं, म्हणून गेल्या उन्हाळ्यात ती मुलीला घेऊन वेगळी राहायला गेली.

मुलगी दर शनिवारी चार ते सहा त्याच्या वाट्याला येई. त्याच्या खोलीत दोन माणसं बसवायची तर एक फ्रीज जिन्यात काढावा लागे. म्हणून बापलेक गाडीतच बसत. तळ्याकाठी जायचं, इंजिन बंद करायचं, पाव खायचे आणि गप्पा हाणायच्या. पण थंडी पडली आणि पोरगी नाक शिंकरत घरी गेली. बायकोने फोनवरच निकाल दिला.

"हीटर लागत नाही तोवर ती तुझ्या गाडीत बसणार नाही. तिला काय फ्रीजमधली भाजी समजलास?"

बर्फ्या हीटरच्या मागे हात धुऊन लागला. पंखा फिरत होता, वारा येत होता, पण गार. इतका अस्सल गार, की जाणकार म्हणून त्याला मनातून थोडं कौतुकही वाटलं. पहिल्या आठवड्यात त्याने इंजिनातलं कूलंट बदललं. दुसऱ्या आठवड्यात थर्मोस्टॅट बदलला. तिसऱ्या आठवड्यात डॅशबोर्डखाली डोकं घालून हीटरच्या नळ्या धुतल्या आणि मान अडकल्यामुळे तासभर तिथेच राहिला. शोधायला कोणी आलं नाही. शेवटी मानच कंटाळून सुटली.

प्रत्येक दुरुस्तीनंतर तो रीतसर परीक्षा घेई. गाडी सुरू करायची, वाऱ्याच्या जाळीत फ्रीजचा थर्मामीटर खोचायचा आणि तीन मिनिटं मोजायची. तीन मिनिटांत फ्रीजची नळी गार लागली नाही तर बिघाड आहेच, हे त्याचं वीस वर्षांचं शास्त्र. थर्मामीटर ढिम्म हलत नसे. मग तो इंजिन बंद करून पुढचा भाग उघडायला घेई.

तीन शनिवार असे कोरडे गेले. चौथ्या शनिवारी सकाळी तो अभिमान गुंडाळून गॅरेजवाल्या मावशींकडे गेला.

"मावशी, सगळं बदलून झालं. आता फक्त मी उरलोय."

"तुमचे सुटे भाग येत नाहीत," मावशी हात पुसत म्हणाल्या. "हीटर शेवटचा कधी लागला होता?"

"मागच्या हिवाळ्यात. बायकोच्या भावाकडे जायचो आम्ही."

"किती लांब?"

"पाऊण तास."

"आणि आता कुठे जाता?"

प्रश्न सोपा होता, म्हणून बर्फ्याला जरा जास्तच वेळ लागला.

"दुकानात. दोन मिनिटं."

"आणखी?"

"दुकानातून घरी."

"म्हणजे तीही दोनच."

"चढ आहे. अडीच."

मावशी चालकाच्या जागेवर बसल्या. त्याला शेजारी बसवून त्यांनी गाडी गावाबाहेर काढली. दहाएक मिनिटांनी जाळीतून ऊब आली. बर्फ्याने हात पुढे धरला आणि पटकन मागे घेतला, दुसऱ्या कोणाच्या ताटात घातल्यासारखा.

"अहो, आधी इंजिन तापतं, मग त्यातलं पाणी, मग वारा," मावशी म्हणाल्या. "थर्मोस्टॅट तुम्ही बदललात ते बरंच केलंत म्हणा, पण जुनाही ठणठणीत असणार. गाडीला कुठे जायलाच मिळत नाही, एवढाच आजार आहे."

"पण तीन मिनिटांत..."

"तीन मिनिटांत चहासुद्धा होत नाही, दादा."

त्या दुपारी बर्फ्या सव्वातीनलाच निघाला. ज्यांच्याशी ओळख नव्हती अशा सगळ्या रस्त्यांवरून फिरला आणि बरोबर चारला बायकोच्या दारात उभा राहिला. तिने गाडीच्या खिडकीतून हात घालून जाळीसमोर धरला. तपासायला लागतो त्यापेक्षा बराच वेळ धरला.

"लागलाय," ती म्हणाली. "सहाला आण."

आता इंजिन बंद करून चालणार नव्हतं, म्हणून तळं रद्द झालं. बर्फ्याकडे तीन आठवड्यांच्या गप्पा साठल्या होत्या. मान अडकल्याचा किस्सा तर त्याने खास लेकीसाठी राखून ठेवला होता. दुसऱ्या चौकात त्याने सुरुवात केली, "अगं, मी डॅशबोर्डखाली गेलो..." आणि वळून पाहिलं, तर स्वेटर काढून, तोंड उघडं टाकून पोरगी गाढ झोपली होती.

त्याने किस्सा हळू आवाजात पूर्ण सांगितला. हसण्याच्या जागी थोडं थांबला. मग दोन तास, कुठेही न पोचण्याची काळजी घेत, गाडी चालवत राहिला.

सहाला आईने गाडीचं दार उघडलं तेव्हा ती जागी झाली.

"बाबा, आपण कुठे गेलो होतो?"

"लांब."

"पुढच्या शनिवारीपण जाऊ या," ती आईकडे बघत म्हणाली. आईने मान डोलावली. मग दोघी आत गेल्या आणि दार लागलं.

बर्फ्या चार मिनिटांत घरी पोचला. इंजिन बंद करूनही गाडी ऊबदार होती. एवढी ऊब वाया जाऊ देणं त्याच्या जिवावर आलं, म्हणून ती संपेपर्यंत तो आतच बसून राहिला.